मुंबईत घराचे पाण्याचे पाईप बदलायचे आहेत? खर्चाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गिरगाव-दादरपासून पार्ले, मुलुंड, बोरिवलीपर्यंत तीस-चाळीस वर्षांपूर्वी बांधलेल्या बऱ्याच इमारतींच्या भिंतींत अजून जीआय पाईप आहेत, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाईप. मुलामा झिजला की आतून गंज धरतो, आणि एक दिवस प्लंबर सांगतो, "साहेब, आता ठिगळं लावून उपयोग नाही, सगळी लाईनच बदला." त्यानंतर जे प्रश्न पडतात त्यांची उत्तरं इथे आहेत. आकडे अंदाजपत्रक समजावं म्हणून दिले आहेत. तुमच्या गल्लीतला दर, मजला, लिफ्ट आणि मालाचा दर्जा यांप्रमाणे ते वरखाली होतील, पण हिशेबाची पद्धत तीच राहील.

एका घराचे सगळे पाईप बदलायला किती खर्च येतो?

एक वन बीएचके घेऊ. एक बाथरूम, वेगळा संडास, स्वयंपाकघर आणि वॉशिंग मशीनची जागा. आधी पॉइंट मोजायचे, म्हणजे पाईपला तोंड काढून नळ किंवा यंत्र जोडायच्या जागा. मिक्सरचे गरम-थंड मिळून दोन, शॉवरचा एक, गिझरचे दोन, बेसिनचा एक, संडासात फ्लश, जेट आणि नळ असे तीन, सिंकचा एक, प्युरिफायरचा एक, मशीनचा एक. झाले बारा.

अशा घराला साधारण ४५ मीटर पाईप लागतो असं धरू. सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाणी सोसणारा प्लास्टिकचा पाईप, सरासरी १०० रुपये मीटर धरला तर पाईपचे ४,५०० रुपये. नळाच्या तोंडाशी लागणारे पितळी आट्यांचे बारा एल्बो दीडशेच्या भावाने १,८००. साधे एल्बो, टी, सॉकेट, रिड्यूसर मिळून १,५००. तीन चांगले बॉल व्हॉल्व्ह १,५००. सोल्व्हंट, क्लँप, टेफ्लॉन वगैरे ७००. एकूण माल १०,००० रुपयांचा. मजुरी पॉइंटमागे हजार धरली, खाच काढण्यासकट, तर १२,०००. इथपर्यंत २२,००० झाले आणि प्लंबरचं काम संपलं.

पण पाईप भिंतीत गेला की भिंत परत बंद करावी लागते, आणि पैसा तिथे जातो. ४ बाय ७ फुटांचं बाथरूम आणि ३ बाय ४ चा संडास, लादी सात फुटांपर्यंत, दारं वजा करून आणि खालची फरशी धरून हे क्षेत्र सुमारे २५८ चौरस फूट भरतं. लादी ६० रुपये, मिस्त्रीची मजुरी ६०, सिमेंट-रेती किंवा अॅडेसिव्ह ३५, म्हणजे फुटाला १५५. हे झाले जवळपास ४०,०००. दोन्ही जागांचं वॉटरप्रूफिंग १५,०००. डेब्रिज, म्हणजे फोडकामाचा राडारोडा, खाली उतरवून बाहेर नेण्याचे ६,०००. स्वयंपाकघरात ओट्याच्या वरची फोडलेली लादी जुळवण्याचे ५,०००. ही बेरीज ६६,००० आणि सगळं मिळून ८८,००० रुपये. कंत्राटदार जीएसटीचं बिल देणारा असेल तर १८ टक्क्यांनी आणखी १५,८४०.

यात खुद्द पाईपचे पैसे किती? साडेचार हजार. अठ्ठ्याऐंशी हजारांत पाच टक्के. म्हणून मी प्रत्येकाला कळकळीने सांगतो, पाईपच्या दर्जावर हजार-दोन हजार वाचवू नका. तो पाईप पुढे गळला तर फोडावी लागते ती साठ-सत्तर हजारांची भिंत.

मला एकाने २५,००० सांगितले, दुसऱ्याने सव्वा लाख. खरं कोण बोलतंय?

बहुधा दोघंही. पहिल्याने फक्त प्लंबिंगचा आकडा दिला, दुसऱ्याने लादीकाम, वॉटरप्रूफिंग, डेब्रिज आणि कदाचित नवीन नळसुद्धा धरले. दोघांना एकच यादी द्या: पॉइंट किती, पाईप कोणत्या जातीचा व कोणत्या जाडीचा, खाच कोण काढणार, ती प्लास्टरने भरणार कोण, लादी कोण आणणार, डेब्रिज कोण उचलणार, नळ-मिक्सर बसवण्याची मजुरी आत की वेगळी. या सात गोष्टी कागदावर आल्या की आकडे बरेच जवळ येतात.

"सगळं मिळून लमसम" असं कोटेशन कितीही सोयीचं वाटलं तरी घेऊ नका. मधेच तुम्ही एक पॉइंट वाढवलात तर तो कितीला, यावर मग वाद होतो. पॉइंटचा दर आधीच लिहून घेतलेला असला की तो प्रश्न येत नाही.

नळाला पाणी कमी येतं. म्हणजे पाईप बदलायलाच हवेत का?

नाही, आणि इथेच सर्वांत जास्त पैसे वाचू शकतात. भिंत फोडण्याआधी एक सकाळ तपासणीला द्या.

पहिलं, नळाच्या तोंडाची जाळी काढून धुवा. गंजाचे कण आणि रेती तिथे अडकते. दुसरं, फक्त गरम पाणी बारीक येत असेल तर गिझरच्या जोडण्या आणि गरम पाण्याची लाईन संशयित आहे, सगळं घर नाही. मुंबईचं महापालिकेचं पाणी तलावांचं आहे, भातसा, तानसा, वैतरणेचं, ते मुळात मऊ असतं. पण सोसायटी बोअरचं किंवा टँकरचं पाणी मिसळत असेल तर गिझरमध्ये क्षार साचतात.

तिसरी तपासणी बादलीची. घरात लाईन शिरते तिथून जवळच्या नळाखाली पंधरा लिटरची बादली लावा आणि भरायला किती वेळ लागतो बघा. मग तेच सर्वांत दूरच्या नळाशी करा. जवळचा नळ जोरात आणि दूरचा रडत असेल तर घरातली लाईन आतून भरली आहे. दोन्हीकडे सारखंच बारीक असेल तर दोष बहुतेक घराच्या बाहेर किंवा उंबऱ्याशी आहे: मुख्य व्हॉल्व्ह, आत शिरणारा तुकडा किंवा गच्चीवरच्या टाकीतून उतरणारा डाऊनटेक. जुन्या गेट व्हॉल्व्हची आतली चकती तुटून अर्धवट खाली पडलेली असते. वरून चाक फिरतं, चकती जागची हलत नाही. हे दुखणं काही शे रुपयांत बरं होतं.

चौथं, तुमच्याच रांगेतल्या वरच्या-खालच्या शेजाऱ्यांना विचारा. त्यांचीही तीच तक्रार असेल तर डाऊनटेक बघायचा.

आणि वरच्या मजल्यावर राहत असाल तर एक गणित लक्षात ठेवा. पाण्याच्या दहा मीटर उंचीमागे साधारण एक किलो दाब मिळतो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला एक किलो. गच्चीवरची टाकी तुमच्या शॉवरपासून तीनच मीटर वर असेल तर दाब जेमतेम ०.३. सात मजली इमारतीच्या तळमजल्यावर तो दोनच्या वर जातो. त्यामुळे पाईप थोडासा अरुंद झाला तरी त्रास आधी वरच्यांना जाणवतो. नवे पाईप घातल्यावरही वरच्या मजल्यावर पावसासारखा मोठा शॉवर चालेल अशी आशा धरू नका. त्याला छोटा प्रेशर पंप लागतो. तोही फक्त टाकीच्या बाजूने लावायचा. महापालिकेच्या लाईनवर थेट पंप लावून पाणी खेचणं बेकायदा आहे.

सकाळी पहिलं पाणी लालसर येतं. ते कशामुळे?

रात्रभर पाईपात उभ्या राहिलेल्या पाण्यात गंज उतरतो. मिनिटभराने पाणी स्वच्छ होत असेल तर गंज तुमच्या घरातल्या लाईनमध्ये आहे. दिवसभर लालसर राहत असेल आणि शेजाऱ्यांकडेही तसंच असेल तर डाऊनटेक किंवा टाकीकडे बघावं लागेल. पाण्याला घाण वास येत असेल तर मात्र गोष्ट गंजाची नाही, सांडपाणी मिसळत असण्याची शक्यता आहे. अशा वेळी ते पाणी पिणं थांबवा, सेक्रेटरींना आणि वॉर्ड ऑफिसला लगेच कळवा. महापालिकेचा १९१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो.

नवीन पाईप कोणता घालावा?

घरातल्या गरम-थंड दोन्ही लाईनींना आज सर्रास सीपीव्हीसी घालतात, आणि माझ्या मते मुंबईच्या फ्लॅटसाठी तो योग्य आहे. गंजत नाही, गरम पाणी सोसतो आणि हे काम जाणणारा प्लंबर प्रत्येक गल्लीत मिळतो. पाईपवर आयएस १५७७८ आणि आयएसआय खूण छापलेली असते, ती स्वतः वाचा. जाडीत एसडीआर ११ आणि एसडीआर १३.५ असे प्रकार येतात. आकडा जितका लहान तितका पाईप जाड. भिंतीत बुजवायचा असेल तर एसडीआर ११ घ्या.

पांढरा यूपीव्हीसी स्वस्त असतो आणि थंड पाण्याला उत्तम चालतो. पण गिझरच्या लाईनला तो घालणं म्हणजे गळती आणून बसवणं. दोन्हींचं सोल्व्हंट वेगळं असतं. यूपीव्हीसीचं सोल्व्हंट सीपीव्हीसीला लावून केलेले सांधे काही महिन्यांनी सुटतात, म्हणून डब्यावर काय लिहिलंय तेही बघून घ्या.

हिरवा पीपीआर तापवून जोडतात, सांधा एकजीव होतो. काम नीट झालं तर फार टिकतं, मात्र पुढे दुरुस्ती करायला तेच मशीन आणि ते चालवणारा माणूस लागतो. परत जीआय घालायचा आग्रह धरणारेही भेटतात. उघड्यावर, मार लागेल अशा जागी जीआयला अजून अर्थ आहे. तिथे मध्यम म्हणजे बी क्लास घ्यावा, त्यावर निळी पट्टी असते. भिंतीच्या आत मात्र पुन्हा लोखंड नको.

सीपीव्हीसीबद्दल दोन सावधगिरीच्या गोष्टी. गच्चीवर कडक उन्हात तो उघडा राहिला तर कालांतराने ठिसूळ होतो. आणि गिझरच्या तोंडाला तो थेट जोडू नये, मध्ये धातूची कनेक्शन नळी घालावी.

माल कुठे घ्यायचा असंही विचारतात. नागदेवी स्ट्रीटला पाईप-फिटिंगची मोठी बाजारपेठ आहे आणि घाऊक माल घेणाऱ्या सोसायटीला तिथे जाणं परवडतं. एका घराच्या दहा हजारांच्या मालासाठी जवळचं दुकान बरं, कारण काम चालू असताना एक एल्बो कमी पडला तर पाच मिनिटांत मिळायला हवा आणि उरलेले परत घेणारा दुकानदार हवा.

भिंत न फोडता बाहेरून पाईप फिरवले तर?

चालतं, आणि पुष्कळ स्वस्त पडतं. त्याच बारा पॉइंटच्या घरात माल तेवढाच, १०,०००. मजुरी खाच नसल्यामुळे पॉइंटमागे सहाशे धरली तर ७,२००. भिंतीतून आरपार भोकं आणि त्यांची डागडुजी २,०००. म्हणजे वीस हजारांच्या आत काम. जुने पाईप भिंतीतच बंद करून ठेवायचे. लादी शाबूत राहते, वॉटरप्रूफिंगला धक्का लागत नाही, घर आठवडाभर धुळीत जात नाही.

दिसायला ते तितकं सुबक नसतं, हे खरं. पण गळती झाली तर लगेच दिसते आणि तासाभरात दुरुस्त होते. पाईप छताजवळून फिरवून खाली फक्त नळापुरते उतरवले आणि क्लँप सरळ रेषेत मारले तर डोळ्याला खुपत नाही. बाथरूम नाहीतरी नव्याने करायचंच असेल तर पाईप भिंतीत घाला. लादी चांगल्या स्थितीत असेल आणि केवळ पाईपसाठी ती फोडायची असेल, तर मी बाहेरून लाईन घ्यायलाच सांगेन.

आमची इमारत रिडेव्हलपमेंटला जाणार आहे. आता खर्च करावा का?

मुंबईत हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक जुन्या सोसायटीतून येतो. "रिडेव्हलपमेंट येतंय" म्हणत दहा-दहा वर्षं गंजकं पाणी पिणारी कुटुंबं आहेत, आणि ते बघवत नाही. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत ठराव, सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९(अ) खालची प्रक्रिया, विकासकाची निवड, करार, परवानग्या आणि मगच घरं रिकामी करणं, असा तो लांबचा रस्ता आहे. तुमची सोसायटी त्यात नक्की कोणत्या टप्प्यावर आहे ते सेक्रेटरींकडून समजून घ्या. नुसती चर्चा चालू असेल तर ती तुमच्या हिशेबात धरू नका.

विकासकाशी करार झाला असेल तर भिंतीत पैसे घालू नका. बाहेरून लाईन फिरवा, वीस हजारांत काम निभावतं. करार झालेला नाही आणि पाणी लाल येतंय, तर घरातल्यांचे हाल कशासाठी? तेव्हाही बाहेरूनच. लाखभर खर्चून कन्सील्ड, म्हणजे पाईप भिंतीत बुजवायचं, काम फक्त अशा इमारतीत करावं जिथे आणखी पंधरा-वीस वर्षं राहायचं आहे.

कोणता खर्च सोसायटीचा आणि कोणता माझा?

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत याची विभागणी दिली आहे. बाहेरच्या पाण्याच्या लाईनी, पंप, टाक्या, ड्रेनेज लाईन, बाहेरच्या सामाईक पाईपांमुळे होणारी गळती, हे सोसायटीने सोसायटीच्या खर्चाने करायचं. त्या यादीत नसलेलं घरातलं काम सभासदाचं. म्हणजे डाऊनटेक सोसायटीचा आणि तिथून तुमच्या घरात शिरल्यावर पुढे फिरलेली लाईन तुमची. वाद होतो तो डाऊनटेकवरच्या टी आणि तुमच्या पहिल्या व्हॉल्व्हच्या मधल्या हातभर तुकड्यावरून. तुमच्या सोसायटीने स्वीकारलेले उपविधी बघा आणि काम सुरू होण्याआधी कमिटीकडून हे लेखी घ्या.

घरातलं काम असलं तरी कमिटीला अर्ज द्यावा लागतो. बऱ्याच सोसायट्या अनामत रक्कम घेतात आणि डेब्रिज नीट उचललं की परत करतात. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते: आदर्श उपविधींप्रमाणे पाण्याचं बिल सभासदांमध्ये नळजोडांची संख्या आणि आकार पाहून वाटायचं असतं. नव्या कामात दोन-तीन पॉइंट वाढवलेत तर मेंटेनन्समधला पाण्याचा आकडा बदलू शकतो. लपवण्यापेक्षा आधीच कळवलेलं बरं.

महापालिकेच्या मुख्य लाईनपासून मीटरपर्यंतच्या जोडणीला तुमच्या किंवा सोसायटीच्या प्लंबरने हात लावायचा नाही. तिथे महापालिकेची परवानगी आणि परवानाधारक प्लंबर लागतो.

डाऊनटेक बदलायला सोसायटीकडे पैसेच नाहीत. मग?

उपविधींनुसार दुरुस्ती-देखभाल निधीची वर्गणी वर्षाला सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के असते. पण जुन्या इमारतीत तो बांधकाम खर्च त्या काळचा असतो. कागदावर साठ हजार असेल तर वर्षाला फक्त ४५० रुपये जमतात. पन्नास सभासदांचे साडेबावीस हजार. एवढ्यात एक लाईनही बदलून होत नाही. म्हणून सर्वसाधारण सभेत विशेष वर्गणीचा ठराव करावा लागतो. कमिटीला स्वतःच्या अधिकारात करता येणाऱ्या दुरुस्ती खर्चाला सभासदसंख्येप्रमाणे मर्यादा आहे, त्यापलीकडे सभेची मंजुरी आणि रीतसर कोटेशन लागतातच.

सोसायटीला माझा आग्रहाचा सल्ला आहे तो परांचीबद्दल. डाऊनटेक बहुतेक मागच्या डक्टमध्ये किंवा बाहेरच्या भिंतीवर असतात, आणि तिथे पोहोचण्याचा खर्च पाईपपेक्षा जड असतो. तीस वर्षांहून जुन्या इमारतीला मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३(ब) प्रमाणे स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यावंच लागतं, आणि त्यानंतर बाहेरचं प्लास्टर, रंग, भेगा भरणं ही कामं निघतात. त्याच परांचीवर डाऊनटेक आणि सांडपाण्याचे जुने कास्ट आयर्न पाईपही बदलून घ्या, पाईपांच्या सांध्यांत उगवलेले पिंपळ मुळासकट काढा. आज रंग आणि दोन वर्षांनी पाईप असं केलं तर परांची दोनदा उभारावी लागते आणि नव्या रंगाला भोकं पडतात.

काम चालू असताना प्रत्येक मजल्यावर त्या-त्या घरासाठी वेगळा बॉल व्हॉल्व्ह बसवून घ्या. एका घराच्या दुरुस्तीसाठी अख्ख्या रांगेचं पाणी बंद करण्याची वेळ मग येत नाही.

आम्ही चाळीत, पागडीच्या घरात राहतो. खर्च कोणाचा?

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे जागा दुरुस्त स्थितीत ठेवणं ही मालकाची जबाबदारी आहे, आणि पाण्यासारखी आवश्यक सेवा मालकाला तोडता येत नाही. नोटीस देऊनही मालकाने दुरुस्ती केली नाही तर भाडेकरूने ती करून भाड्यातून मर्यादित रक्कम कापून घेण्याची तरतूद आहे. पण पागडीचं भाडंच इतकं कमी असतं की त्यातून पाईपचे पैसे वसूल होत नाहीत. त्यामुळे प्रत्यक्षात मजल्यावरची बिऱ्हाडं वर्गणी काढतात. तसं करताना मालकाला लेखी कळवा आणि पावत्या जपून ठेवा. इमारत उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठीचा उपकर भरणारी जुनी इमारत, असेल तर म्हाडाच्या इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाकडे अर्ज करता येतो, मात्र त्यांचा भर इमारतीच्या सांगाड्यावर असतो, घरातल्या नळांवर नाही.

फक्त गळणारा तुकडा बदलला तर भागणार नाही का?

कधी कधी भागतं. पण गंजलेल्या जीआयवर नवे आटे पाडायला गेलं की पुढचा पाईप हातात येतो, आणि दोन फुटांचं काम दहा फुटांचं होतं. शिवाय मागे राहिलेल्या पाईपातल्या गंजाच्या खपल्या सुटून नव्या मिक्सरमध्ये अडकतात. पैसे आत्ता कमी असतील तर तुकड्या-तुकड्याने नको, शाखेने बदला: या वर्षी बाथरूमची पूर्ण शाखा, पुढच्या वर्षी स्वयंपाकघराची. प्रत्येक शाखेला सुरुवातीला व्हॉल्व्ह द्या.

बाथरूम फोडतोच आहोत, तर ड्रेनेजही बदलावं का?

हो. जुना न्हाणी ट्रॅप, कमोडचा जोड आणि त्याखालचा कोबा हेच खालच्या घराच्या छतातल्या ओलीचं नेहमीचं कारण असतं. पाण्याचे पाईप नवे, लादी नवी आणि खालचा ट्रॅप चाळीस वर्षांचा, असं केलं तर दोन वर्षांत खालचे काका जिना चढून येतात आणि नवी लादी फोडावी लागते.

आधीपासून खाली ओल असेल तर दोष कोणाचा ते असं ओळखा: घरातला मुख्य व्हॉल्व्ह एक-दोन दिवस शक्य तेवढा बंद ठेवा आणि आधी भरून ठेवलेलं पाणी नेहमीसारखं वापरा. ओल कमी झाली तर पाण्याची लाईन गळते. वापर नसतानाही लाईन दाबाखाली असते, म्हणून ती गळती सतत असते. ड्रेनेजची गळती वापराबरोबर वाढते. न्हाणीत रंगीत पाणी सोडलं आणि खाली तोच रंग उतरला तर शंका उरत नाही. वॉटरप्रूफिंग झाल्यावर पाणी तुंबवून ठेवून खाली बघा, त्यानंतरच लादी लावू द्या.

प्रेशर टेस्ट खरंच लागते का? प्लंबर म्हणतो गरज नाही.

लागतेच. या एका गोष्टीवर माघार घेऊ नका. सगळी तोंडं बंद करून, सोल्व्हंट पुरतं सुकल्यावर, हातपंपाने लाईनमध्ये नेहमीच्या दाबापेक्षा कितीतरी जास्त दाब भरतात आणि काटा रात्रभर जागचा हलत नाही ना हे बघतात. काटा उतरला तर सांधा उघडा असतानाच सापडतो आणि वीस रुपयांच्या एल्बोत विषय मिटतो. हेच प्लास्टरनंतर कळलं तर काय होतं, ते वरच्या हिशेबात आहे. "टेस्ट पास झाल्यावरच भिंत बंद करायची आणि तेव्हाच दुसरा हप्ता" असं कोटेशनवरच लिहा.

भिंत बंद करण्याआधी प्रत्येक भिंतीचा टेप लावून फोटो काढा. उद्या आरसा किंवा गिझरचा खिळा मारताना तोच फोटो कामाला येतो. आणि खाच काढणाऱ्याला खांब आणि तुळई आधीच खडूने दाखवा. विटांची भिंत कापायची, आरसीसीला ब्रेकर लावायचा नाही. पाईप दोन फूट फिरवून न्यावा लागला तरी चालेल.

किती दिवस लागतात, आणि कोणत्या महिन्यात काढावं?

बाहेरून लाईन फिरवायला दोन-तीन दिवस. कन्सील्ड कामाला लादी-वॉटरप्रूफिंगसकट दोन-तीन आठवडे धरा. एकच संडास असेल तर शेजाऱ्यांशी किंवा नातेवाइकांशी आधीच बोलून ठेवा, विशेषतः घरात म्हातारी माणसं असतील तर.

घराच्या आतलं काम कधीही होतं. डक्ट आणि बाहेरच्या भिंतीवरचं काम दिवाळीनंतर सुरू करून मेच्या आधी संपवावं. मे-जूनमध्ये तलाव तळाला गेलेले असतात, पाणीकपातीची शक्यता असते, आणि गावाला गेलेले कारागीरही परतलेले नसतात. गणपतीच्या तोंडावर तर कामाला हातच लावू नका, कोकणातला मिस्त्री विसर्जन होईपर्यंत येत नाही.

इन्शुरन्समधून पैसे मिळतात का?

पाईप जुना झाला म्हणून बदलण्याचे मिळत नाहीत. भारत गृह रक्षा या प्रमाणित पॉलिसीत पाण्याच्या टाक्या आणि पाईप अचानक फुटून किंवा वाहून झालेलं नुकसान धरलेलं आहे. हळूहळू झिरपून, गंजून झालेलं नुकसान त्यात येत नाही.

पोटमाळ्यावर जास्तीची टाकी बसवून घेऊ का?

पाणी ठरावीक वेळीच येतं तिथे मोह होतो. पण एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. पाचशे लिटरची टाकी म्हणजे अर्धा टन, आणि तो लॉफ्ट गाद्या-भांड्यांसाठी बांधलेला असतो. इंजिनिअरने बघून होकार दिल्याशिवाय मोठी टाकी चढवू नका. दोनशे लिटरच्या आत, भिंतीलगत, ओव्हरफ्लोची नळी काढून, हीच मर्यादा धरा.

काढलेल्या जुन्या पाईपांचं काय करायचं?

अर्धा इंची मध्यम जाडीचा जीआय पाईप मीटरला सव्वा किलोच्या आसपास भरतो. ४५ मीटर निघाला तर पन्नासेक किलो लोखंड आणि वर जुन्या नळांचं पितळ, ज्याला भंगारात लोखंडापेक्षा कितीतरी जास्त भाव मिळतो. हे भंगार तुमचं की प्लंबरचं ते आधी ठरवा. प्लंबरला द्यायचं असेल तर मजुरीतून तेवढं कमी करून घ्या. लादी-विटांचं डेब्रिज मात्र भंगारवाला नेत नाही. ते रस्त्याकडेला किंवा नाल्यात टाकलं तर दंड होतो. महापालिकेची डेब्रिज ऑन कॉल सेवा आहे, तिच्यासाठी वॉर्ड ऑफिसात चौकशी करा आणि कंत्राटदार नेणार असेल तर त्याची जबाबदारी कोटेशनमध्ये लिहून घ्या.